तबकडीवर नसलेले नाव

लग्नसराई सुरू झाली, की आमच्या पाचोऱ्याच्या रस्त्यांवरून वराती निघू लागतात आणि दूरवरून बँडचा आवाज कानी पडतो. मुलांनो, असा बँड तुम्ही पाहिलाच असेल. लाल किंवा निळे डगले घातलेले वादक रांगेने चालत असतात. कोणाच्या गळ्यात ढोल असतो, कोणाच्या हाती क्लॅरनेट असते. त्यांतच पिवळ्याधमक पितळेची एक आखूड, वळसे घेतलेली तुतारी झळकत असते. गाल फुगवून ती वाजविणारा मनुष्य दिसला, की लहान मुले नवरदेवाला विसरून त्याच्याकडेच पाहत राहतात. त्या वाद्याचे नाव ट्रंपेट.

हे वाद्य दिसावयास लहान. परंतु त्याचे वळसे सरळ केले, तर सुमारे दीड मीटर लांबीची नळी होईल. वाजविणारा ओठ घट्ट मिटून त्यांतून हवा सोडतो. त्यामुळे ओठ थरथरतात व ती थरथर नळीतील हवेत शिरून नाद उत्पन्न होतो. वाद्यावर तीन कळा असतात. कळ दाबली, की हवेला अधिक लांबीच्या नळीतून जावे लागते आणि स्वर खाली उतरतो. या तीन कळा व आपले दोन ओठ, एवढ्या सामग्रीवर वादकाला सर्व स्वर काढावयाचे असतात. म्हणून या वाद्याला रोजचा सराव लागतो.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या सुमारास, आमच्या गल्लीत एक ट्रंपेटवाले काका राहत असत. उन्हाळ्यात ते वराती वाजवीत आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतांवर कामाला जात. लग्नसराईच्या आधी महिनाभर, दिवेलागणीच्या वेळी, ते ओट्यावर बसून सराव करीत. एक चाल ते फार आवडीने वाजवीत. ती सुरू झाली, की माझे पाढे अर्धेच राहत आणि मी धावत त्यांच्या ओट्यापाशी जाई.

एकदा मी त्यांना विचारले, ‘‘काका, ही चाल तुम्ही रचली का हो?’’

काका हसले. म्हणाले, ‘‘मी कसला रचतो रे बाळा! हे ‘अलबेला’मधले गाणे, ‘शोला जो भडके’. रेकॉर्डवर जे वाजविणारे आहेत, त्यांची मी नुसती नक्कल करतो.’’

‘‘रेकॉर्डवर वाजविणारे कोण आहेत?’’

‘‘ते मात्र मला ठाऊक नाही. मला वाचता येत नाही. तुझ्या मामांकडे फोनो आहे ना? रेकॉर्डवर नाव असेल, तर पाहून ये आणि मला सांग.’’

माझे मामा रेल्वेत नोकरीस होते. स्टेशनाजवळच्या त्यांच्या बिऱ्हाडात चावीचा एक जुना ग्रामोफोन होता. मी त्याच सायंकाळी तेथे गेलो. मामांनी कागदी पाकिटातून ती काळी, जड तबकडी अलगद काढली. मधल्या कागदी चकतीवर मी एकेक अक्षर लावून वाचले. चित्रपटाचे नाव होते, गाणाऱ्यांची नावे होती, संगीत दिग्दर्शकांचे नाव होते. मी तबकडी उलटून दुसरी बाजूही पाहिली. वाजविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नव्हते. मामांनी चावी दिली, सुई टेकवली आणि तीन मिनिटे आम्ही दोघे स्तब्ध ऐकत बसलो.

मी परत येऊन काकांना सांगितले, ‘‘नाव नाही.’’

काकांनी मान हलविली. म्हणाले, ‘‘नसायचेच. वरातीत तरी वाजविणाऱ्याचे नाव कोण विचारतो?’’

त्यांचे ते उत्तर माझ्या मनात राहून गेले. ज्यांच्याविषयी मी विचारले होते, त्यांची ओळख मला पुष्कळ वर्षांनी झाली. त्या वादकाचे व त्यांच्या ध्वनिमुद्रिकांचे स्मरण करावे, म्हणून हा पाठ लिहिला आहे.

त्यांचे मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ. गोव्यातील बार्देश भागात, म्हापसा नदीच्या काठी, हळदोणे नावाचे गाव आहे. तेथे १९१६ साली त्यांचा जन्म झाला. पुढे सारी मुंबई त्यांना ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखू लागली. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगिजांचे राज्य होते. तेथील गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत व त्यांत मुलांना प्रार्थनेबरोबर संगीतही शिकविले जाई. पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी ही मुले अक्षरओळखीबरोबरच वाचावयास शिकत. चिक यांच्या आईची इच्छा होती, की मुलाने यंत्रकाम शिकून चार पैसे मिळवावेत, असे सांगतात. मुलाचे मन मात्र ट्रंपेटवर जडले होते.

गोव्यात शिकलेल्या वादकांना पोटापाण्यासाठी बाहेर पडावे लागे. कोणी कलकत्त्यास जाई, कोणी रंगूनला, कोणी जहाजावर. पुष्कळ जण मुंबईस येत. मुंबईत गोव्यातील गावांनी आपापल्या माणसांसाठी राहण्याच्या खोल्या घेतल्या होत्या. त्यांना ‘कूड’ म्हणत. भिंतीला लागून एकेकाची पेटी, रात्री जमिनीवर अंथरूण, असा तो संसार असे. चिकही असेच गाव सोडून निघाले. ज्या संगीताची त्यांना ओढ लागली होती, त्याचा उगम मात्र मुंबईहून फार दूर, अमेरिकेत होता. त्याला जॅझ म्हणतात.

अमेरिकेत एके काळी आफ्रिकेतून पकडून नेलेल्या लाखो माणसांना गुलाम म्हणून राबविले जात असे. १८६५ साली ती प्रथा कायद्याने बंद झाली. पण त्यांच्या मुलानातवंडांच्या वाट्याला दारिद्र्य आणि अपमान येतच राहिले. शेतात काम करताना म्हटलेली गाणी, चर्चमधील भजने, आफ्रिकेतून आलेले ताल आणि रस्त्यावरच्या पितळी बँडची वाद्ये यांच्या मिलाफातून न्यू ऑर्लिन्स या शहरात जॅझचा जन्म झाला. त्याच शहरात १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग जन्मले. अत्यंत गरीब घरातील हा मुलगा सुधारगृहात असताना ट्रंपेटसारखेच दिसणारे कॉर्नेट हे वाद्य शिकला आणि पुढे जगातील सर्वांत नामांकित ट्रंपेटवादक झाला.

जॅझचा एक विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे ख्याल गाणारा गवई बंदीश तीच ठेवतो. परंतु तिचा विस्तार दर वेळी नव्याने करतो. कालची तान आज जशीच्या तशी येत नाही. जॅझचा वादकही तसेच करतो. मूळ चाल सर्वांना ठाऊक असते. तिच्याभोवती तो त्या क्षणी सुचेल तसे स्वर गुंफतो, आणि त्याचे सोबती तो कोठे चालला आहे हे ऐकून त्याला साथ देतात. म्हणून जॅझ केवळ कागदावरून शिकता येत नाही. ते कानांनी ऐकावे लागते.

मग सातासमुद्रापलीकडचे हे संगीत गोव्याच्या मुलांनी ऐकले कसे? त्याचे उत्तर तबकडीत आहे. जुन्या काळी ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणापासून बनवीत. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवर राहणारे बारीक किडे ही लाख तयार करतात. जगाला लागणारी पुष्कळशी लाख आपल्या देशातील रानांतून जात असे. रानात राहणाऱ्या गरिबांनी गोळा केलेली लाख परदेशी जाई आणि तिच्याच तबकड्या बनून त्यांतील काही गाणी घेऊन परत येत. एका मिनिटात ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. गोव्याचे तरुण तबकडी पुन्हा पुन्हा लावीत, एकेक स्वर टिपून घेत आणि तो आपल्या वाद्यावर उमटेपर्यंत थांबत नसत.

पुढे खुद्द अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादक मुंबईस येऊ लागले. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला आणि त्यांच्यामागून आणखी काही जण आले. तबकडीतून ऐकलेले गुरू आता प्रत्यक्ष समोर उभे राहिले. गोव्याच्या वादकांनी त्यांच्यापासून पुष्कळ घेतले.

चिक यांनी आदर्श मानले ते आर्मस्ट्राँग यांना. तसाच उंच धरलेला ट्रंपेट, तसाच हातातला पांढरा रुमाल, गातानाचा तसाच घोगरा आवाज. लोक त्यांना ‘भारताचे लुई आर्मस्ट्राँग’ म्हणू लागले. १९४० नंतरच्या दशकात मुंबईतील ग्रीन्स हॉटेलात त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजत असे. प्रथम त्यांनी नक्कल केली हे खरे. परंतु नकलेत ते थांबले नाहीत. जे शिकले, ते त्यांनी एका वेगळ्याच ठिकाणी नेऊन रुजविले. ते ठिकाण म्हणजे आपले चित्रपटगीत.

येथे एका मराठी माणसाचे नाव येते. पुणतांबे हे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील गोदाकाठचे गाव. तेथे १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. हेच पुढे सी. रामचंद्र या नावाने प्रसिद्ध झालेले संगीतकार होत. त्यांचे शिक्षण आपल्या रागसंगीताचे; पण कान सर्व दिशांना उघडे. त्यांच्या चालींना परदेशी तालांचा साज चढविण्याच्या कामी चिक यांनी त्यांना साहाय्य केले.

हे काम कसे चाले ते पाहा. संगीतकार पेटीवर चाल बांधी व गाऊन दाखवी. परंतु तीस-चाळीस वादकांनी एकदम काय वाजवावे, हे तोंडी कसे सांगणार? व्हायोलिन केव्हा सुरू व्हावेत, ट्रंपेटने कोठे उठावे, कोणी कोठे थांबावे, हे सारे कागदावर उतरावे लागे. लहानपणापासून स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांना ही विद्या अवगत होती. अशा रीतीने पुणतांब्याच्या माणसाची चाल, हळदोण्याच्या माणसाचा ट्रंपेट आणि न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीतून निघालेला ताल एका गीतात एकत्र येत. ‘समाधी’ या १९५० सालच्या चित्रपटातील ‘गोरे गोरे’ आणि ‘अलबेला’ या १९५१ सालच्या चित्रपटातील ‘शोला जो भडके’ या गीतांत तो मिलाफ स्पष्ट ऐकू येतो. भगवानदादांच्या या ‘अलबेला’ चित्रपटात चिक व त्यांचे सोबती पडद्यावरही दिसतात. अर्थात पाहणाऱ्यांचे डोळे नायक-नायिकेकडे असतात. मागे उभ्या असलेल्या वादकांची नावे कोण विचारणार?

रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा स्टुडिओत चित्रपटगीते, असे या वादकांचे आयुष्य असे. गाण्याच्या ध्वनिमुद्रणास हजर राहिल्याबद्दल त्यांना ठरावीक मेहनताना मिळे आणि काम तेथेच संपे. पुढे ते गाणे लक्षावधी लोकांच्या ओठी गेले, तरी तबकडीवर वादकाचे नाव येत नसे. चिक यांना ‘नादान’ (१९५१) व ‘रंगीली’ (१९५२) अशा काही चित्रपटांना स्वतः संगीत देण्याची संधी मिळाली आणि तेवढ्यापुरते त्यांचे नाव लोकांसमोर आले. ज्यांना तीही मिळाली नाही, असे कितीतरी वादक होते.

१९६६ साली ‘आखरी खत’ नावाचा चित्रपट आला. त्यात खय्याम यांनी चाल दिलेले आणि भूपिंदर यांनी गायलेले ‘रुत जवाँ जवाँ’ हे गीत आहे. ते संथ आहे. गाणारा थांबतो, तेव्हा चिक यांचा ट्रंपेट त्या रिकाम्या जागेत हळूच बोलू लागतो आणि पुन्हा गाण्याला वाट करून देतो. येथे ते पडद्यावरही दिसतात. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या मे महिन्यात, चिक चॉकलेट यांचे निधन झाले. त्यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

मुलांनो, चिक यांचा विचार करताना मला आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. आसोद्यात जन्मलेल्या या माउलीला लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसून आणि शेतात राबताना त्या आपली गाणी म्हणत. त्यांचे पुत्र सोपानदेव यांच्यासारख्या घरच्या माणसांनी ती कागदावर टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी, म्हणजे ज्या वर्षी ‘अलबेला’ आला त्याच वर्षी, बहिणाबाई गेल्या. पुढच्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांचे शब्द उरले, नाव उरले. परंतु ज्या सुरात त्यांनी ती गाणी जात्यावर म्हटली, तो सूर कागदावर उतरत नाही. चिक यांचे नेमके उलट झाले. त्यांच्या ट्रंपेटचा सूर तबकडीने जसाच्या तसा जपला. नाव मात्र तिने जपले नाही. हॉटेलात त्यांनी रोज रात्री नव्याने गुंफलेले स्वर तर हवेत विरून गेले. उरली ती तबकडीत सापडलेली थोडी मिनिटे.

बहिणाबाईंची गाणी टिपून घेणारे जसे कोणी निघाले, तसे या वादकांची नावे शोधणारेही निघाले. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने मुंबईतील वृद्ध वादकांच्या भेटी घेऊन त्यांच्या आठवणी २००८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. नरेश फर्नांडिस या पत्रकाराने मुंबईतील जॅझचा इतिहास शोधून २०१२ साली ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक लिहिले. त्यासाठी अशा माणसांना जुन्या तबकड्या ऐकाव्या लागतात, वृद्ध माणसांची दारे ठोठवावी लागतात आणि एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून पडताळून घ्यावे लागते. अशा कष्टांमुळेच चिक चॉकलेट हे नाव आज आपल्याला घेता येते.

निवृत्त झाल्यावर मी ‘शोला जो भडके’ पुन्हा ऐकले. आता त्यासाठी चावी द्यावी लागत नाही, की सुई बदलावी लागत नाही. लहानपणी जे नाव तबकडीवर शोधले होते, ते आता मला ठाऊक होते. प्रथम मनात आले ते हेच, की उठावे, गल्लीत जावे आणि काकांना सांगावे, ‘‘काका, नाव सापडले. गोव्याच्या हळदोण्याचे होते ते.’’ पण काकांना जाऊन तोवर कितीतरी वर्षे झाली होती. त्यांच्या ओट्याच्या जागी आता दुमजली घर उभे आहे.

मग दुसरी एक गोष्ट ध्यानात आली आणि माझी मान खाली गेली. ज्या माणसाने मला ते गाणे प्रथम ऐकविले, त्यांना आम्ही सारी मुले ‘ट्रंपेटवाले काका’ म्हणत होतो. त्यांचे खरे नाव मी कधीच विचारले नव्हते. तबकडीला मी नाव विचारले. परंतु समोर बसलेल्या माणसाला विचारले नाही. त्यांची तर एकही तबकडी नाही.

मुलांनो, येत्या लग्नसराईत वरात थांबली आणि वादक घटकाभर घाम पुसत उभे राहिले, म्हणजे त्यांच्यापाशी जा. त्यांना पाण्याचा पेला द्या आणि विचारा, ‘‘काका, तुमचे नाव काय? हे वाजवायला तुम्हांला कोणी शिकविले?’’ जे सांगतील, ते घरी जाऊन वहीत लिहून ठेवा.

अभ्यास

१. ट्रंपेटमधून निरनिराळे स्वर कसे निघतात, ते तुमच्या शब्दांत सांगा.

२. जॅझचा वादक आणि ख्याल गाणारा गवई यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?

३. चित्रपटगीताच्या कामात गोव्याच्या वादकांच्या कोणत्या विद्येचा उपयोग झाला?

४. बहिणाबाई चौधरी व चिक चॉकलेट यांच्या बाबतीत काय उरले व काय उरले नाही?

५. ‘माझी मान खाली गेली’ असे लेखक का म्हणतो?

६. तुमच्या गावातील एखाद्या वादकाला भेटून त्याचे नाव, वाद्य व गुरू यांविषयी दहा ओळी लिहा.